हात वर करण्याआधी: सोसायटीत, गटात, गावात सर्वसहमतीने निर्णय कसा घ्यावा

आमच्या इमारतीत लिफ्ट बसवायचा ठराव पहिल्यांदा १५ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला आणि त्यानंतर १४ महिने काहीही झालं नाही.

तळमजला अधिक ३ मजले, मजल्यावर ६ घरं, एकूण २४ सभासद. इमारत बांधली तेव्हा जे दोन-दोन पायऱ्या उड्या मारत चढायचे ते आता सत्तरीच्या पुढे गेलेत. तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाच महिने खाली उतरल्या नव्हत्या. मी सेक्रेटरी होते. मला प्रश्न सरळ वाटत होता आणि नियमही आमच्या बाजूने होता. लिफ्ट चालवण्याचा आणि देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा द्यायचा, मग कोणी लिफ्ट वापरो न वापरो, असं गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, स्पष्ट म्हटलेलं आहे. नोटीस वेळेत काढली, गणपूर्ती झाली, हात वर झाले, ठराव मंजूर.

मग तळमजल्यावरच्या तीन घरांनी वर्गणी द्यायला नकार दिला. एकाने तक्रार अर्ज केला. ठेकेदाराच्या दरपत्रकाची मुदत संपली. जिन्यात समोरासमोर आलं की लोक मोबाइलमध्ये बघायला लागले. आजी वरच होत्या.

दुसऱ्यांदा आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. त्याला चार महिने लागले. आज लिफ्ट चालू आहे आणि वर्गणी सगळ्यांची आली. या चार महिन्यांत जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरण सोसायटीचं आहे, पण बचत गट, शाळेची पालक समिती, गावची पाणीपुरवठा समिती, भावाभावांमधली शेताची वाटणी, कुठेही पायऱ्या साधारण याच आहेत.

आधी तीन शब्दांतला फरक

बहुमतात मोजणी होते. ज्यांच्याकडे जास्त हात ते जिंकतात, बाकीचे हरतात आणि हरलेल्यांनी मुकाट्याने साथ द्यावी अशी अपेक्षा असते. एकमत म्हणजे सगळ्यांचं मत एकच. ते दहा माणसांतही क्वचित होतं आणि व्हायलाच हवं असंही नाही.

सर्वसहमती वेगळी. मतं वेगवेगळी राहतात, पण प्रत्येकाची अडचण ऐकली गेलेली असते, शक्य तिथे निर्णय त्या अडचणीप्रमाणे बदललेला असतो आणि शेवटी प्रत्येकजण स्वतःच्या तोंडाने म्हणतो, ‘मला हे चालेल, मी यात आहे.’ हे वाक्य मिळवणं हेच सगळं काम.

महाराष्ट्रात या पद्धतीचा सगळ्यात भक्कम नमुना गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात आहे. मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचं गोंड आदिवासी गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची. गावचे नेते देवाजी तोफा आणि त्यांच्या सोबतीला सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे जी रीत रुजवली, तिच्यात ग्रामसभेचा निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. सहमती झाली नाही तर विषय पुढच्या बैठकीत जातो, लागलं तर त्याच्याही पुढे. इतक्या वेळखाऊ पद्धतीने कामं कशी होणार, असं वाटू शकतं. पण याच गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. २०११ साली तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. २०१३ साली गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला, म्हणजे जमिनीची मालकी ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. शेतजमिनीची मालकी! आपल्याकडे बांधावरून पिढ्यानपिढ्या कोर्टात जातात. एवढा निर्णय हात मोजून झाला असता आणि टिकला असता, असं मला वाटत नाही.

मेंढ्याच्या रीतीतली एक गोष्ट आम्ही जशीच्या तशी उचलली, ती पुढे येईल.

पायरी १: हा प्रश्न सर्वसहमतीचा आहे का, ते ठरवा

प्रत्येक गोष्टीला ही पद्धत लावू नका, लोक कंटाळतील. टाकी कधी धुवायची, जिन्यातला दिवा कोणता आणायचा, ही कामं समितीने करून टाकावीत. पंपाची मोटर जळली तर सभा कसली बोलावता, आधी पाणी चालू करा.

मी एकच कसोटी लावते: निर्णय झाल्यावर तो अमलात आणायला कोणाकोणाची साथ लागणार आहे आणि त्यांच्यातल्या एकानेही अंग काढलं तर काम अडेल का? अडणार असेल तर सहमतीवर वेळ घालवा. पुनर्विकासाचंच बघा. ४ जुलै २०१९च्या शासकीय निर्देशांनुसार त्यासाठी ५१ टक्क्यांचं बहुमत पुरतं. पण घर रिकामं प्रत्येकाला करावं लागतं आणि न पटलेला एक सभासद कोर्टात गेला तर सगळे जण भाड्याच्या घरात अडकून पडतात. कायद्याला लागणारी टक्केवारी आणि काम पार पडायला लागणारी साथ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि एक प्रकार असा आहे जिथे सहमती मागणंच चूक आहे. प्रश्न कोणाच्या मूलभूत हक्काचा असेल तर तो इतरांच्या संमतीवर टांगता कामा नये. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात झाला, महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, तरी गावातल्या स्पृश्यांच्या विरोधामुळे तिथलं पाणी अस्पृश्यांना मिळेना. २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. गावाची सहमती होण्याची वाट त्यांनी बघितली नाही, बघायलाच नको होती. अमुक जातीच्या, धर्माच्या भाडेकरूला घर द्यायचं का, यावर सोसायटीत ‘सर्वांचं मत घेऊ’ असं कोणी म्हणालं तर तिथे थांबवा. तो विषय सभेचा नाहीच.

पायरी २: प्रश्न असा मांडा की त्यात बाजू पडणार नाहीत

आमच्या पहिल्या नोटिशीत विषय होता, ‘लिफ्ट बसवण्यास मंजुरी देणे’. उत्तर दोनच: हो किंवा नाही. वाचल्या क्षणी लोक वरचे आणि खालचे झाले.

दुसऱ्या वेळी आम्ही लिहिलं: ‘वरच्या मजल्यांवरच्या वयस्कर आणि आजारी माणसांना सुखरूप खाली-वर करता यावं आणि त्यापायी कोणत्याही घराचं नुकसान होऊ नये, यासाठी काय करता येईल?’ वाक्य लांब आहे, पण दोन्ही बाजूंची काळजी एकाच वाक्यात आली. या प्रश्नावर तळमजल्याची माणसंही बोलायला लागली. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवावा ही सूचना त्यांचीच. लिफ्ट येण्याआधी ते काम झालं आणि आजही उपयोगी पडतं.

तुमचा प्रश्न लिहून बघा. उत्तर ‘हो-नाही’त येत असेल तर तो प्रश्न नव्हे, तुमचा तोडगा आहे. मागे जा आणि हा तोडगा कशासाठी, ते लिहा.

पायरी ३: अभ्यास आधी, सभा नंतर

मेंढ्याकडून उचललेली गोष्ट ती हीच. तिथे ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट असतो. ज्याला रस आहे तो येतो, बाहेरचं माहीतगार माणूसही येऊ शकतं, विषय उलटसुलट तपासला जातो. पण अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय फक्त ग्रामसभेचा. हे दोन वेगळे ठेवल्यामुळे अभ्यासात कोणाला हट्टाने बाजू लढवावी लागत नाही आणि सभेत माहितीवरून भांडणं होत नाहीत.

आम्ही पाच जणांचा गट केला आणि त्यात विरोधात मत दिलेल्यांपैकी दोघांना मुद्दाम घेतलं. हे फार महत्त्वाचं आहे. विरोध करणारा माणूस जेव्हा स्वतः ठेकेदाराला फोन करून दर विचारतो तेव्हा त्या आकड्यावर त्याच्या बाजूचे लोक विश्वास ठेवतात. माझ्या आकड्यावर त्यांनी ठेवला नव्हता.

गटाने काय आणायचं? तीन दरपत्रकं, जागेची मापं, परवानग्यांची यादी, महिन्याच्या विजेचा आणि देखभालीचा अंदाज, आणि जे अजून कळलेलं नाही त्याचीही यादी. सगळं दोन पानांत. ते पान प्रत्येक घरी कागदावर द्या आणि सभेच्या किमान आठवडाभर आधी द्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पीडीएफ टाकणं म्हणजे कळवणं नव्हे. अर्धे लोक उघडत नाहीत आणि जे उघडतात ते तिथेच वाद सुरू करतात. ग्रुपवर फक्त तारीख आणि वेळ टाका. चर्चा सुरू झाली तर ‘हे आपण बैठकीत घेऊ’ एवढं लिहून थांबा. अंगठा दाखवणारं चिन्ह ही संमती धरू नका, लोक वाढदिवसालाही तेच पाठवतात.

पायरी ४: घरोघर जा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सभेत माणूस भूमिका सांगतो, घरी बसल्यावर कारण सांगतो.

तळमजल्यावरच्या काकू सभेत म्हणाल्या होत्या, ‘आम्ही लिफ्ट वापरणार नाही, पैसे देणार नाही.’ मी त्यांना हिशेबी समजले. चौदा महिन्यांनी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या पैशाचं एक अक्षर बोलल्या नाहीत. ‘ये, आत ये,’ म्हणाल्या आणि मला थेट स्वयंपाकघरात नेलं. ‘उद्या सकाळी साडेसातला इथे येऊन उभी राहा.’

मी गेले. ओट्याच्या वर एक खिडकी. त्या खिडकीतून उन्हाची एक तिरकी पट्टी येऊन बरोबर परातीवर पडलेली होती. काकू भाकरी थापत होत्या. सगळ्या घरात ऊन येतं ते तेवढंच, सव्वासात ते नऊ. आमच्या नकाशात लिफ्टचा सांगाडा त्या खिडकीपासून तीन फुटांवर उभा राहणार होता. नकाशावर ती खिडकी म्हणजे एक छोटी रेघ होती. माझ्या डोळ्यांसमोरून तो नकाशा पन्नासदा गेला असेल.

‘सभेत का नाही बोललात?’ मी विचारलं.

‘काय बोलू? वर आजी अडकून पडल्यात आणि मी माझ्या उन्हाचं रडू?’

शेजारच्या घरात निवृत्त काका. त्यांना लिफ्टला हरकत नव्हती, एकरकमी वर्गणीला होती. पेन्शनवर चालणारं घर, आणि हे पंचवीस माणसांपुढे कसं सांगणार? तिसऱ्या घराचं कारण लिफ्टशी संबंधितच नव्हतं. त्यांच्या दारासमोरचं ड्रेनेजचं चेंबर दर पावसाळ्यात तुंबायचं, सहा वर्षं ते समितीला सांगत होते आणि ‘बघू’ याशिवाय उत्तर मिळालं नव्हतं. ‘आमचं पाणी घरात शिरतं तेव्हा इमारत एक नसते, वर्गणी मागताना एक असते’ हे त्यांचं वाक्य मी त्या रात्री लिहून ठेवलं. त्या सहापैकी दोन वर्षं मीच सेक्रेटरी होते.

घरोघर जाताना काही गोष्टी सांभाळा. दोघांनी जा, घोळका नको. दोघांपैकी एक जण त्यांच्या मजल्यावरचा असेल तर उत्तम. घरातल्या बाईशीही बोला. कागदावर नाव नवऱ्याचं असलं तरी दिवसभर त्या घरात राहणारी बहुतेकदा ती असते आणि कुठे काय खुपतं ते तिला माहीत असतं. पटवायला जाऊ नका, विचारायला जा. ‘तुमचा विरोध का?’ असं विचारलं की माणूस बचाव करतो. ‘हे झालं तर तुमच्या घरात काय बदलेल?’ असं विचारा. आणि घरी ऐकलेली खासगी गोष्ट सभेत त्यांच्या नावाने सांगू नका. पेन्शनवाल्या काकांचं नाव न घेता आम्ही सगळ्यांसाठीच हप्त्यांचा पर्याय मांडला, तो आठ घरांनी घेतला.

पायरी ५: सभा गोल बसून

टेबलाच्या एका बाजूला समिती आणि समोर रांगेत सभासद, असं बसलात की चौकशी चालल्यासारखं होतं. खुर्च्या गोल मांडा. जागा नसेल तर गच्चीवर सतरंजी घाला. विषय एकच ठेवा, वेळ दोन तासांच्या आत, आणि लहान मुलं, स्वयंपाक, मालिका, सगळ्यांचा विचार करून वेळ निवडा. रात्री साडेआठची सभा म्हणजे बायका नसलेली सभा.

सभा चालवणाऱ्याला या प्रश्नात काही मिळवायचं किंवा गमवायचं नसावं. आम्ही शेजारच्या इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षिकांना विनंती केली. नियमाप्रमाणे सभेचे अध्यक्ष आमचेच होते, पण चर्चेची सूत्रं बाईंकडे होती. स्वतः मत द्यायचं नाही, कोण बोललं नाही याकडे लक्ष ठेवायचं, गाडी रुळावरून घसरली की परत आणायची, एवढंच त्यांचं काम. बाहेरचं कोणी मिळालं नाही तर गटातल्याच माणसाने चालवावं, पण सुरुवातीलाच सांगून टाकावं की आज मी माझं मत मांडणार नाही.

पहिली फेरी: प्रत्येकाला दोन मिनिटं, क्रमाने, मध्ये कोणी बोलायचं नाही, उत्तरही द्यायचं नाही. जे एरवी गप्प असतात त्यांच्यापासून सुरू करा, समितीची माणसं शेवटी. मोठ्या आवाजाचा माणूस आधी बोलला की पुढचे सहा जण ‘माझंही तेच’ म्हणतात. ज्याला बोलायचं नाही त्याला ‘पुढे’ म्हणायची मुभा द्या, पण फेरी संपल्यावर त्याला परत एकदा विचारा. आमच्याकडे पहिल्या मजल्यावरच्या एक वहिनी दोनदा ‘पुढे’ म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, ‘लिफ्टमध्ये रात्री एकटीने येताना दिवा गेला तर?’ त्यावर कोणीच विचार केला नव्हता. वीज गेली तर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडेल अशी बॅटरीची सोय दरपत्रकात आली ती या प्रश्नामुळे.

दुसरी व्यक्ती प्रत्येक हरकत मोठ्या कागदावर, सगळ्यांना दिसेल अशी लिहीत राहील. बोलणाऱ्याच्याच शब्दांत. ‘काकूंचं ऊन’ असंच आम्ही लिहिलं होतं, ‘नैसर्गिक प्रकाशाचा मुद्दा’ असं नाही. आपलं वाक्य कागदावर आलेलं दिसलं की माणूस तेच तेच सांगायचा थांबतो.

पायरी ६: हरकतीवर काम करा

आता एकेक हरकत घ्या आणि तीन गोष्टी करा. आधी ती परत सांगा: ‘तुमचं म्हणणं मला असं कळलं, बरोबर आहे का?’ माणूस ‘हो, अगदी हेच’ म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका. मग विचारा, ‘काय बदललं तर तुम्हाला चालेल?’ आणि मग तो प्रश्न सगळ्यांपुढे ठेवा: ही आता फक्त त्यांची अडचण नाही, आपल्या सगळ्यांची आहे, मार्ग सुचवा.

उन्हाच्या बाबतीत मार्ग तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने काढला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सांगाडा जिन्याच्या दुसऱ्या अंगाला घेतला तर दोन स्कूटरची जागा जाते, पण खिडकी मोकळी राहते. स्कूटरवाल्या दोघांना मागच्या बाजूला शेड द्यायचं ठरलं. ड्रेनेजचं चेंबर लिफ्टच्या आधी, दुरुस्ती निधीतून, असं ठरलं. उभारणीच्या खर्चात तळमजल्यावरच्या प्रत्येक घराने वरच्या घराच्या निम्मा वाटा द्यायचा आणि देखभालीचा खर्च उपविधीप्रमाणे सगळ्यांनी सारखा. यावर वरच्या दोघांनी कुरकुर केली. त्यांना उत्तर मी दिलं नाही, आजींच्या मुलाने दिलं: ‘१४ महिने आपण पूर्ण वाटा मागितला आणि शून्य मिळालं.’

हरकती सगळ्या सारख्या नसतात. ‘यामुळे माझं किंवा सगळ्यांचं नुकसान होईल’ ही हरकत सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘मला वेगळं आवडलं असतं’ ही आवड आहे, ती ऐकायची, नोंदवायची, पण तिच्यासाठी काम थांबवायचं नाही. ‘अमक्याने आणलेला विषय म्हणून नको’ ही जुनी दुखापत. ती लिफ्टच्या चर्चेत बरी होणार नाही, तिच्यासाठी वेगळं भेटावं लागतं. यातलं काय ते बाईंनी थेट विचारलं, सौम्यपणे, आणि बहुतेकांनी खरं सांगितलं.

पायरी ७: सहमती आहे का, ते तोंडी तपासा

‘मग कोणाची हरकत नाही ना?’ हा प्रश्न कधीही विचारू नका. या प्रश्नाला शांतता हेच उत्तर येतं आणि आपण ‘मौनं संमतिलक्षणम्’ म्हणून ठराव लिहून मोकळे होतो. आपल्याकडे मौनाला दहा कारणं असतात. सून सासऱ्यांसमोर गप्प असते, भाडेकरूपणातून नुकता मालक झालेला माणूस जुन्यांसमोर गप्प असतो, एखाद्याला घरी जायची घाई असते.

त्याऐवजी ठरावाचं पूर्ण वाक्य मोठ्याने वाचा आणि एकेकाला विचारा. उत्तरं चार प्रकारची असू शकतात, हे आधीच सांगून ठेवा:

‘मनापासून हो.’
‘काही शंका आहेत, पण चालेल.’
‘मला पटलेलं नाही, पण मी आड येणार नाही.’
‘नाही, हे होऊ देता कामा नये.’

पहिल्या तिन्हींमध्ये सहमती आहे. फक्त तिसऱ्या प्रकारची माणसं बरीच निघाली तर खूश होऊ नका, ठराव कच्चा आहे. आमच्याकडे तिसरं उत्तर एकच आलं. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘एवढा खर्च मला पटत नाही. पण अडवणार नाही. माझं म्हणणं इतिवृत्तात लिहा.’ लिहिलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी चेक दिला.

चौथं उत्तर आलं तर थांबा. राग न धरता थांबा. ज्याने ‘नाही’ म्हटलं त्याच्यासह तीन-चार जणांनी वेगळं बसावं, दुसरा मार्ग घेऊन पुढच्या बैठकीला यावं. ‘नाही’ म्हणणाऱ्यावरही एक जबाबदारी येते, पर्याय शोधायला त्याने बसलंच पाहिजे.

सहमती झालीच नाही तर?

याचं उत्तर सुरुवातीलाच, डोकी थंड असताना ठरवून ठेवा. आम्ही ठरवलं होतं: तीन बैठका, मध्ये किमान दहा-दहा दिवस, आणि तरीही नाही झालं तर तीन चतुर्थांश मतांनी निर्णय. हा रस्ता आधीपासून माहीत असला की एकट्या माणसाला सगळ्यांना वेठीला धरता येत नाही आणि बाकीच्यांनाही एकट्याला गुंडाळता येत नाही. हे महत्त्वाचं अशासाठी की सहमती होईपर्यंत ‘आहे तसं चालू’ राहतं आणि ‘आहे तसं’ ज्याच्या सोयीचं असतं त्याला नुसतं बसून राहिलं तरी पुरतं. गावच्या पाण्याच्या पाळ्या ठरवताना हे फार दिसतं. ज्याचं शेत कालव्याच्या तोंडाशी आहे त्याला चर्चेची घाई कधीच नसते.

खोटी सहमती ओळखा

निवडणूक बिनविरोध झाली म्हणून पेढे वाटणाऱ्या गावांत दरवेळी सहमती असतेच असं नाही. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या, कारण तिथे पदांचा लिलाव झाल्याचं समोर आलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला तेही ‘गावाचं ठरलं’ असंच दिसलं असतं.

आपल्या छोट्या गटातही खुणा दिसतात. ठराव पंधरा मिनिटांत झाला. सगळे एकाच माणसाकडे बघून बोलले. सभेत कोणीच काही म्हणालं नाही आणि जिन्यात सगळेच बोलले. असं दिसलं तर निर्णय एक आठवडा तसाच ठेवा आणि परत विचारा. बचत गटात मी हे पाहिलं आहे. दहा-पंधरा जणींचा गट, कर्ज आधी कोणाला द्यायचं यावर ‘अध्यक्षा म्हणतील तसं’ असं सगळ्या म्हणाल्या आणि दोन महिन्यांनी चौघींनी बचत भरणं बंद केलं. त्या गटाने नंतर प्रत्येकीला गरज तोंडाने सांगायला लावली आणि क्रम सगळ्यांनी मिळून लावला. हप्ते पुन्हा सुरू झाले.

गट मोठा असेल तर एका सभेत हे साधत नाही. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी ते, आणि शंभर माणसांची बोलण्याची फेरी घेतली तर रात्र होईल. तिथे आधी वाडीवार, आळीवार बैठका घ्या, महिलांची सभा खरोखर घ्या, आणि प्रत्येक ठिकाणच्या हरकतींचा कागद मुख्य सभेत भिंतीवर लावा.

पायरी ८: लिहा, वाचून दाखवा, परत भेटा

इतिवृत्त सभा संपण्याआधी तिथेच लिहा आणि वाचून दाखवा. काय ठरलं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, पैसे कुठून, आणि कोणत्या हरकतीसाठी काय बदल केला. ही शेवटची ओळ बहुतेक वह्यांत नसते. ती असली की दोन वर्षांनी नवी समिती आल्यावर ‘सांगाडा तिकडे का घेतला, इकडे सोपं पडलं असतं’ असं कोणी म्हणत नाही. तळमजल्याची खिडकी तिथे लिहिलेली असते.

आणि आढाव्याची तारीख त्याच ठरावात घाला. आमचा आढावा लिफ्ट सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी झाला. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी लिफ्टचं वीजबिल दर महिन्याला फलकावर लावायला सांगितलं, ते आता लागतं. काकू म्हणाल्या, रात्री अकरानंतर तळमजल्यावर लिफ्टचं दार आपटतं आणि भिंत हादरते. मेकॅनिकने दाराला रबरी पट्टी बसवली, खर्च वहीत आहे. आजी त्या दिवशी खालीच होत्या, काकूंच्या ओट्याशी खुर्ची टाकून.